डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या घरात नवरा-बायकोनं बोलायची जागा म्हणजे मोटरसायकल. मळमड्डीतलं घर तसं लहान नव्हतं, पण माजघरात सासूबाई, पुढच्या खोलीत ह्यांचे पक्षकार, रात्री खोलीत मुलगी आणि तिचे तिखट कान. हे, म्हणजे माझे यजमान, धारवाडच्या कोर्टात वकील. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून आलेल्या माणसापाशी घरात बोलायचं ते दुधाचं, गॅसचं नाहीतर पाहुण्यांचं. मनातलं काही असलं की मी निपाणीला जायच्या दिवसाची वाट बघायची.

निपाणी माझं माहेर. दीड-दोन महिन्यांनी दुसरा शनिवार साधून आम्ही सकाळी लवकर निघायचो आणि रविवारी संध्याकाळी परतायचो. मुलगी आजीपाशी राहायची. गाडी साडेतीनशे सीसीची, जुनी, बेळगावच्या एका फौजीकडून ह्यांनी लग्नाआधीच घेतलेली. ती सुरू झाली की आमच्या गल्लीतली अंगणं जागी व्हायची. मी नऊवारी नव्हे पण पाचवारी साडीत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर ठेवून बसायची. त्यामुळे इतक्या वर्षांत मी जाताना रस्त्याची एकच बाजू बघितली आणि येताना दुसरी. कित्तूरचा फाटा येताना लागतो की जाताना, असं कुणी विचारलं तर मी गोंधळून जायची.

तशी बसून मी ह्यांच्या डाव्या कानाशी बोलायची. धारवाडच्या बाहेर पडलं की सुरू करायची ते संकेश्वर मागं पडेपर्यंत. सासूबाई काय म्हणाल्या, शेजारच्या अक्कांनी काय ऐकवलं, मुलीच्या शाळेत काय झालं, मला काय वाटतं, काय वाटत नाही, सगळं. हे बोलत नसत. मान डोलवत. एखाद्या जागी थांबून, विचार करून डोलवल्यासारखी. हेल्मेट तेव्हा कुणी घालत नसे, त्यामुळे मला मान स्वच्छ दिसायची. आपला नवरा ऐकून घेणारा आहे, असा माझा अभिमान होता आणि तो मी मैत्रिणींत मिरवायचीही.

घोटाळा पुढचा होता. मान डोलवून झाली की त्या गोष्टीचं पुढं काहीच होत नसे. स्वयंपाकघरात जाळीचं कपाट करून घेऊ म्हटलं, मान डोलवली, कपाट नाही. मुलीची शिकवणी बदलू म्हटलं, मान डोलवली, शिकवणी तीच. आणि तीच गोष्ट घरात सहज कानावर गेली की दुसऱ्या दिवशी सुतार हजर. हा काय प्रकार आहे ते मला कळेना. माणूस रस्त्यावर हो म्हणतो आणि घरी आला की विसरतो, म्हणजे तो आपलं ऐकतो की आपल्याला खेळवतो? मी ह्या कोड्याला कंटाळले, चिडले, मग त्याची सवय करून घेतली.

एका गोष्टीची मात्र सवय होईना. वडील गेल्यावर आई भावाकडे राहायची. भाऊ-वहिनी दोघंही वाईट नव्हती, पण सकाळी तंबाखूच्या वखारीत जायची ती दिवेलागणीनंतर यायची. मुलं शाळेत. आईला खायला-ल्यायला कमी नव्हतं, बोलायला कुणी नव्हतं. आम्ही गेलो की ती आधी थोडा वेळ नुसतंच बघत बसायची, बोलायची सवय गेल्यासारखी. एकदा तिथून परतताना, हत्तरगीच्या आसपास, मी ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं होतं, की आईला आपल्याकडे आणूया का. आमच्याकडे आईनं मुलीच्या घरी चार दिवसांच्या वर राहू नये हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. तेव्हा हे विचारायला मला किती बळ आणावं लागलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं. ह्यांनी मान डोलवली. जरा जास्तच वेळ डोलवली. मी घरी येऊन आठ दिवस वाट बघितली, सासूबाईंपाशी विषय निघतो का म्हणून. निघाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हाही तसंच. मग मी समजले. जावईमाणूस तोंडावर नाही कसा म्हणणार, म्हणून मान डोलवतो. त्यानंतर मी तो विषय गिळून टाकला, पण तो घशातच राहिला.

अशी सहा वर्षं गेली आणि ह्यांची कंबर गेली. कोर्टाच्या आवारात गाडी मधल्या स्टँडवर चढवताना काहीतरी सटकलं आणि हे तिथंच वाकलेले राहिले. हुबळीला देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो बघितला, मणक्याची गादी सरकलीय म्हणाले, आणि तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. निघताना ह्यांनी गाडीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालवण्यानं नाही, ती ढकलण्या-उचलण्यानं तुमची कंबर जाते, तेव्हा गाडी सोडा नाहीतर हलकी घ्या. सासूबाईंचं मत सरळ होतं, की बसनं जावं, बस कशासाठी आहेत.

बसनं जायचं म्हणजे दोनदा बदलायचं, बसायला जागा मिळाली तर मिळाली. त्यापेक्षा मला धास्ती वेगळीच होती. बसमध्ये आम्ही काय बोलणार? मान डोलवण्यापुरता का होईना, ह्यांचा कान माझ्या वाट्याला येत होता तोही जाणार. आणि दोन बस बदलून हे किती वेळा यायला तयार होतील, हाही प्रश्न होताच. माझं आईकडं जाणं त्या गाडीवर टांगलेलं होतं. पण अंथरुणावर पडल्या पडल्या हेच म्हणाले, हलकी बघू. तुला घेऊन निपाणीपर्यंत आरामात जाता आलं पाहिजे, एवढी एकच अट. ज्याला माझी आई घरात नको, त्याला मला तिच्याकडे न्यायची एवढी हौस कशी? मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

हिंडायला लागल्यावर कंबरेला पट्टा बांधून हे हुबळीला गाड्या बघायला निघाले. मला बरोबर नेलं, कारण मागं बसून बघणारं कुणीतरी पाहिजे. शोरूममधला मुलगा गाडीची मूठ दोन बोटांनी धरून ती हलवून दाखवत म्हणाला, "हूविनंग ऐत्रि सार," म्हणजे फुलासारखी आहे. होतीच. आमच्या जुन्या गाडीपुढं ती अर्धी वाटावी. मला सीट आखूड वाटली, आवाज चिरका वाटला, पण मी गप्प बसले. आम्ही एक चक्कर मारायला निघालो आणि पहिल्या चौकाच्या आतच हे म्हणाले, "ही डावीकडं ओढायलीय की." परत येऊन त्या मुलाला सांगितलं. त्यानं एकट्यानं एक फेरी मारली आणि सरळ आहे म्हणाला. मग ह्यांनीही एकट्यानं मारली. सरळ होती. मी बसले की डावीकडे.

दुसऱ्या कंपनीची बघितली. तीही डावीकडे. हे वैतागले. हल्लीच्या गाड्या कागदाच्या, दोघांना पेलत नाहीत, असं म्हणायला लागले. ह्यांचे एक वकील मित्र होते, गाड्यांचे वेडे. ते आमच्या घरी येऊन उलट सांगायचे, की हलकीच घे, पण सीट रुंद बघ, मागचे शॉकॲब्सॉर्बर जरा सैल ठेव, वहिनींना खड्डा लागायला नको. पुढच्या आठवड्यात तेच म्हणायचे, हायवेवर ट्रकचा वारा लागला की हलकी गाडी हलते, जरा वजनदारच बरी. मी चहा देत दोन्ही ऐकायची. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं, कारण मला हवी होती ती गोष्ट कुठल्याच गाडीच्या जाहिरातीत नव्हती. मला गाडीवर बोलता आलं पाहिजे होतं.

शेवटी मित्रांनी आपलीच हलकी गाडी एका रविवारी आणून दिली. नरेंद्र गावापर्यंत जाऊन या म्हणाले. गेलो, आणि तीही ओढायला लागली. हे जिद्दीला पेटले. मित्रांना बरोबर घेऊन गाडी हुबळीच्या कमरीपेठेत आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं चाकं फिरवून बघितली, दोरी लावून बघितली, काही दोष नाही म्हणाला. मग मित्र स्वतः ह्यांच्या मागं बसले आणि दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. गाडी सरळ रेषेत. उतरल्यावर दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि मग दोघांनीही हळूच माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याचा अर्थ न कळायला मी काही खुळी नव्हते. गाडीत दोष नाही, मित्रात दोष नाही, म्हणजे राहिलं माझं वजन. मी तिथूनच सांगितलं, की घरी जायच्या आधी स्टेशनवर चला. हुबळीच्या स्टेशनवर तेव्हा लाल दिवे फिरणारं वजनाचं यंत्र होतं. मी त्यावर उभी राहिले, नाणं टाकलं, तिकीट घेतलं. मग मित्रांना उभं केलं. ते नको वहिनी, नको वहिनी म्हणत चढले. माझ्यापेक्षा चांगलेच जड निघाले. माझ्या तिकिटाच्या मागं माझा स्वभाव शांत असल्याचं छापलेलं होतं, ते मी दोघांनाही वाचून दाखवलं.

आता तर गोंधळ वाढलाच. जड माणूस बसला तर गाडी सरळ, हलकं माणूस बसलं तर वाकडी. तिघंही स्टेशनबाहेर उभे. मित्र पुन्हा गाडीवर बसून काही तरी हलवून बघायला लागले, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आणि मला दिसलं. "अहो, तुमचे मित्र दोन्हीकडं पाय टाकून बसतात," मी म्हणाले. "मी एकीकडं." मग हे एकदम जमिनीकडे बघून हसायला लागले. जुनी गाडीही डावीकडे ओढतच असणार, पण तिचं धूड इतकं की तिनं ते पचवलं होतं, आणि राहिलेलं ह्यांच्या कंबरेनं. इतकी वर्षं उजवीकडे कलून गाडी चालवायची सवय ह्यांच्या अंगात बसली होती.

"म्हणजे माझी कंबर तू घालवलीस," हे म्हणाले.

"मी नाही, साडीनं," मी म्हणाले.

गाडी हलकी घ्यायची तर मला बसायची पद्धत बदलायला हवी होती, आणि ती काही मुठीसारखी दोन बोटांनी हलणारी वस्तू नव्हती. मळमड्डीत तेव्हा कॉलेजच्या मुली दोन्हीकडं पाय टाकून जायच्या, पण त्या कॉलेजच्या मुली. चाळिशीच्या घरात आलेली वकिलांची बायको सलवार-कमीज घालून तशी बसून गल्लीतून जाणार, हे चित्र माझ्याच डोळ्यांपुढं येत नव्हतं. मी देशपांडे नगरातून कापड आणलं, शिवून घेतलं आणि पंधरा दिवस कपाटात ठेवलं. शेवटी सासूबाईंनीच ते बघितलं. त्या मला काही वेडंवाकडं बोलतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, की गल्ली संपेपर्यंत नीट बैस, पुढं तुला कोण बघतंय. आमच्या घरात ह्याला परवानगी म्हणतात.

गाडी घेतली ती पहिल्याच शोरूममधली, फुलासारखी. सीट कमरीपेठेत नेऊन रुंद करून घेतली, खाली जास्तीचा फोम घातला. आणि त्या दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. गल्ली संपेपर्यंत मी पाय डावीकडे सोडून बसले, सलवार-कमीजमध्ये ते आणखीच विचित्र दिसत असणार. धारवाड स्टेशनच्या पुढं वळल्यावर हे थांबले, मी उतरले, इकडे तिकडे बघितलं आणि पाय टाकून बसले. पहिल्यांदा जाणवलं ते हे, की मला काहीच दिसत नाही. इतकी वर्षं शेतं, झाडं, विहिरी बघत जायची, आता समोर फक्त ह्यांच्या शर्टाची पाठ. पण गाडी सरळ चालली होती. ह्यांनी एकदा हँडलवरचा हात सैल सोडून मला ते दाखवलंही.

आईसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा असलेली पिशवी मी डाव्या खांद्याला अडकवली होती, ती डावीकडे आडवी येत होती. म्हणून मी उजवीकडे कलले. समोरून ट्रक येतोय का तेही त्या बाजूनं दिसत होतं. तेगूर मागं पडलं. नवी गाडी, सकाळचं ऊन, आणि मनात नेहमीचा विषय. मला खरं तर उत्तर नको होतं. जुनी जखम आपण मधून मधून चाचपतो तसं मी बोलून गेले.

"आई थकली आता. तिला आपल्याकडं आणूया का?"

"आणूया की," हे म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

गाडी चालतच होती. मला वाटलं, मला भास झाला. मी पुन्हा म्हणाले, की मी आईबद्दल बोलतेय. हे म्हणाले, "हो की, ऐकलं. आपली पुढची खोली देऊ. पक्षकारांना व्हरांड्यात बसवतो." माझ्या खांद्यावरून पिशवीचा पट्टा निसटला. मी ह्यांचा खांदा इतक्या जोरात धरला की ह्यांनी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल होतं, तिथल्या बाकावर आम्ही बसलो.

मी विचारलं, सहा वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा असं का नाही बोललात. हे म्हणाले, कधी? मी म्हणाले, ह्याच रस्त्यावर, हत्तरगीपाशी, तुम्ही मान डोलवलीत. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ह्यांनी कप खाली ठेवला आणि जे सांगितलं ते सांगताना कोर्टात इतका बोलणारा माणूस चाचरत होता.

ह्यांचा डावा कान लहानपणीच फुटला होता. घरात शांततेत चालून जायचं, उजव्यावर भागायचं. लग्न ठरताना सासूबाईंनी सांगू नको म्हटलं, मुलगी नाही म्हणेल. पुढं वकिली सुरू झाली, अर्धा बहिरा वकील म्हटल्यावर कोण येणार, म्हणून बाहेरही सांगितलं नाही. आणि नंतर बायकोला सांगायचं ते राहूनच गेलं. पंगतीत हे नेहमी डाव्या टोकाला का बसतात, पुढच्या खोलीत खुर्ची डावीकडच्या भिंतीला का चिकटलेली असते, फोन कायम उजव्या कानाला का, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला लकबी म्हणत होते.

"मग मान कशाला डोलवत होतात?" मी विचारलं.

"पाठीशी तुझा आवाज घुमायचा," हे म्हणाले. "मला वाटायचं, हायवेला घाबरतेस आणि देवाचं काहीतरी म्हणत बसतेस. काळजी करू नको म्हणून मान हलवायचो."

मला हसू आलं आणि लगेच राग आला, आणि राग कुणाचा ते कळेना. ह्यांचा म्हणावं, तर ह्यांनी ऐकलंच नव्हतं. सासूबाईंचा म्हणावं, तर आईनं मुलासाठी असं करू नये तर काय करावं. जाळीचं कपाट, शिकवणी, मैत्रिणींत मिरवलेला अभिमान, संकेश्वरपर्यंतची सगळी बोलणी, ती कुठं गेली होती? डाव्या बाजूच्या शेतात. हॉटेलवाल्यानं अजून एक चहा आणून ठेवला तेव्हा मी उठले.

निपाणीला पोचल्यावर आई नेहमीप्रमाणे थोडा वेळ नुसतीच बघत बसली. माझ्या कपड्यांकडे, मग नव्या गाडीकडे. मी विषय कसा काढावा ह्या विचारात होते, तेवढ्यात हेच पुढं झाले, तिच्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, की आमच्याकडे चला, राहायलाच. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुझे वडील गेल्यापासून वाट बघायलेय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "जावयांना चालत नसेल असं धरून चालले होते."

ती आली. मळमड्डीच्या त्या पुढच्या खोलीत चार वर्षं राहिली, सासूबाई आणि ती रोज दुपारी पायरीवर बसून भांडायच्या आणि एकीशिवाय दुसरी चहा घ्यायची नाही. पण मधल्या सहा वर्षांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी परतताना ह्यांनी गाडी सुरू केली आणि मी बसायच्या आधी आपल्या उजव्या खांद्यावर दोनदा हात थोपटला, इथं बोल म्हणून. मी दोन्हीकडे पाय टाकून बसले, तिथं तोंड नेलं, आणि बोलायला गेले तर रडूच आलं. तेही त्यांना ऐकू गेलं.